दिवसाउजेडी तारपा

जव्हार, आश्विन शुद्ध तृतीया, शके १८३३

दादा,

वर तुझं नाव घातलेलं नाही आणि खाली माझंही घालणार नाही. मास्तरांनी पत्राचा मायना छडी मारून शिकवला होता, तो आज मुद्दाम गाळला. ही चिठ्ठी मंसूरशेटांच्या हिरड्याच्या गाडीतून भिवंडीला येते आहे, वाटेत कोण उघडील ते सांगता येत नाही. आत सगळी नावं येणारच आहेत, तेव्हा या सावधगिरीला काही अर्थ नाही हे मलाही कळतं. पण हातच धजत नाही.

शरीफभाई, तुम्ही हे दादाला वाचून दाखवाल. मेहरबानी करून हळू वाचा. तुमच्या लाकडाच्या वखारीत आमच्या बाजूचा कोणी नवा माणूस लागला असेल तर तो घरी जाईपर्यंत थांबा.

आज ढवळूबाबा दुकानात आला होता. मी पोत्यांमागं बसलो. बसलो म्हणजे लपलो. पंचविशी गाठलेला बाप्या, चौथीपर्यंत शिकलेला, शेटांचं सगळं टपाल लिहिणारा, आणि एका खोकणाऱ्या म्हाताऱ्याला बघून हिरड्याच्या पोत्यांमागं. हसायचं तर हस. तू संस्थानाच्या हद्दीबाहेर बसून हसतोस, मला रोज इथल्या बाजारातून जावं लागतं.

शरीफभाई, मंसूरशेटांनी तुम्हाला सांगितलंच असेल, पण दादानं त्यातलं काय गिळलं ते मला माहीत नाही. म्हणून मी लिहितो, त्यालाही ऐकू दे. पोशेऱ्याकडं आमचे दोन पाडे, वरचा आणि खालचा. आम्ही वरचे. भाताचं रोप टाकायच्या आधी जमीन भाजावी लागते, त्याला राब म्हणतात, आणि राबाला झाडांच्या फांद्या लागतात. गेल्या चैत्रात खालच्या पाड्यानं ओढ्याकाठच्या ऐनांवर चढून फांद्या उतरवल्या. ऐन कुणाचे यावरून बाचाबाची झाली, हातघाई झाली आणि दादाच्या कोयत्यानं सोम्या पडला. सोम्या म्हणजे ढवळूबाबाचा थोरला मुलगा. तो आणि दादा दोघंही ढवळूबाबापाशीच तारपा शिकले. नाच मधे थांबू नये म्हणून दोघं मिळून वाजवायचे. एकाचा दम सरला की दुसरा त्याच सुरावर आपला तारपा फुंकायला लागायचा, आणि नाचणाऱ्याला कधी बदलला ते कळायचंही नाही. आता एक गेला आणि दुसरा तुमच्याकडं करवत ओढतो आहे.

तर ढवळूबाबा उंबऱ्यावर टेकला आणि माझं नाव घेऊन शेटांना म्हणाला, “फागूला सांग, यंदा खळ्यावर तारपा वाजंल.”

“कोण वाजवणार?” शेटांनी विचारलं.

“मीच. दुसरं कोण राहलंय?”

“आणि नाचणार कोण बाबा? तुमच्याकडची कोंबडीसुद्धा या पाड्यातून त्या पाड्यात जात नाही म्हणतात.”

“तवाच तर वाजवतो,” असं म्हणून तो बराच वेळ खोकला. मग त्यानं साध्या आवाजात विचारलं, “सुकऱ्या कठं हाय?”

दादा, माझ्या अंगाला घाम सुटला. शेट म्हणाले, “मला काय ठाऊक, बाबा.” पाच वेळा नमाज पढणारा माणूस तुझ्यासाठी खोटं बोलला. उठताना ढवळूबाबानं माझ्या पोत्यांकडं बघितलं, आणि मी तिथं आहे हे त्याला दिसल्यावाचून राहिलं नसणार.

त्याला तुझा ठावठिकाणा कशाला हवा आहे? मला दुसरं काही सुचतच नाही.


जव्हार, आश्विन शुद्ध एकादशी

दादा,

गाडीवाल्याबरोबर तुझा निरोप मिळाला. येऊ का, असं विचारलं आहेस. येऊ नकोस.

माघी वहिनी आणि कमू कशा आहेत तेही विचारलंस. परवा जाऊन बघून आलो. दोघी जिवंत आहेत. वहिनी झोपताना आपल्या लुगड्याचा पदर कमूच्या पायाला बांधते, म्हणजे रात्री पोरीला कोणी उचललं तर तिला जाग येईल. कोण उचलणार, असं मी विचारलं. ती म्हणाली, “मला काय माहीत? माहीत असतं तर बांधलं असतं का?”

आपला पाडा तुला ओळखू येणार नाही. भर दुपारी दारं लावलेली. ओढ्यावर आपल्या बायका सकाळी जातात, खालच्या पाड्यातल्या ऊन चढल्यावर, आणि हे कोणी ठरवून दिलेलं नाही. बाप्ये परसाकडला जातानाही कमरेला कोयता लावून जातात. भादव्यात खालच्या पाड्यातली एक गाय कड्यावरून पडली. पावसात गुरं घसरतात, दर वर्षी एखादं जातं. यंदा मात्र त्यांनी आपल्या पाड्याकडं बोट दाखवलं आणि पहारा बसवला. त्यांचा पहारा बघून आपल्यांनी बसवला. आता दोन्ही पाडे रात्रभर एकमेकांच्या शेकोट्या बघत जागतात आणि दिवसा बांधावर डुलक्या घेतात. भात पिकून वाकलं आहे, पण ओढ्याकाठच्या शेतात पाठ वाकवायला कोणी धजत नाही. दोन्हीकडं तेच. आणखी पंधरा दिवस असेच गेले तर दाणा मातीत जाईल आणि दोन्ही पाडे उपाशी मरतील.

मी तिथं असतानाच ढवळूबाबा वर आला. एकटा, हातात काठी, कमरेला कोयता नाही. आपली चार माणसं कोयत्यावर हात ठेवूनच बाहेर आली. तो हौशीच्या अंगणात दगडावर बसला आणि दम आल्यावर बोलायला लागला.

“सोम्या गेल्यापासून माझ्या घरातली माणसं रातभर दाराकडं बघतात. तुमचीबी बघतात. तारपा वाजला म्हंजे घडीभर तारप्याकडं बघतील. वद्य सप्तमीला मधल्या खळ्यावर वाजवतो.”

“रातचं कोण येतंय तठं?” कोणीतरी म्हणालं.

“रातचं नाय. रातचं तुम्हाला एकमेकांचं हात दिसत नाय. दिवसाउजेडी वाजवीन.”

दिवसा तारपा म्हटल्यावर हौशी फसकन हसली. म्हणाली, “दिवसा कोण नाचंल, वांदरं?” कित्येक महिन्यांत त्या अंगणात कोणी हसलं नसावं, कारण तिचं तिलाच कसंसं झालं आणि तिनं तोंडाला पदर लावला.

ढवळूबाबानं दोन अटी घातल्या. कोयते खळ्याबाहेरच्या कातळावर काढून ठेवायचे. आणि नाचाच्या साखळीत सुकऱ्याच्या घरचा बाप्या हवा. “त्याच्या घरचा नसंल तर मी कशाला फुंकू? माझ्या छातीत आता तेवढा वारा नाय,” तो म्हणाला.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणालो, मला दुकान आहे.

वहिनी म्हणाली, “मी येते. तो येवो नायतर न येवो.”

रात्रभर मी याचाच विचार करतो आहे. ज्याचा मुलगा आपण मारला तो बाप आपल्याला नाचायला बोलावतो, हे कुणाच्या डोक्यात बसेल? तारप्याला पाठ दाखवत नाहीत हे तुला मी सांगायला नको. सगळ्यांची तोंडं मधे, वाजवणाऱ्याकडं. म्हणजे सगळ्यांच्या पाठी उघड्या. हात शेजाऱ्याच्या कमरेला, म्हणजे तेही अडकलेले. माणसं मारायची असतील तर याहून सोपं काय? ढवळूबाबा चांगला आहे असं तू म्हणशील. होता. आता त्याचा मुलगा गेलेला आहे.

मी जाणार नाही. वहिनीलाही नको म्हणून सांगून आलो. तिनं ऐकल्यासारखं केलं नाही.


जव्हार, आश्विन वद्य पंचमी

दादा,

जातो आहे. मला शूर म्हणू नकोस. वहिनी एकटी त्या खळ्यात उभी राहिली आणि मी इथं हिरडे तोलत बसलो असं झालं, तर पुढं मला भाकरी गोड लागणार नाही, एवढंच. आज दिवसभरात शेटांनी मला दोनदा विचारलं, “फागू, ताप आला आहे का?” मी हो म्हणालो.

कोयता नेणार नाही. म्हाताऱ्याची अट आहे, पाळीन.

शरीफभाई, हे तुमच्यासाठी. पुढच्या दोन गाड्या माझ्या चिठ्ठीवाचून आल्या तर दादाला वखारीत ठेवू नका. खाली पनवेलीकडं, कुठंही लावून द्या. खालच्या पाड्याचे मला मारण्याआधी दादाचा ठिकाणा विचारतील. मी सांगणार नाही असं मला छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही.


जव्हार, आश्विन वद्य नवमी

दादा,

जिवंत आहे. मूठ अजून पुरती उघडत नाही, अक्षर सांभाळून घ्या शरीफभाई.

मागच्या चिठ्ठीत कोयता नेणार नाही म्हणून लिहिलं होतं. नेला. कमरेच्या लाकडी आकडीत मागं खोचला, वरून सदरा सोडला आणि कातळावर ठेवायला शेटांच्या दुकानातला एक बोथट कोयता वेगळा नेला. तो सगळ्यांदेखत ठेवला. वहिनीनं माझ्या पाठीकडं बघितलं आणि तोंड फिरवलं. तिला कळलं होतं.

ऊन चांगलंच चढलेलं. खळं शेणानं सारवून ठेवलं होतं, पण त्यावर दाणा नव्हता. आपली माणसं वरच्या अंगाला उभी, त्यांची खालच्या. मधे ढवळूबाबा एकटा. तारपा त्यानं नवा बांधला होता, भोपळ्याचे जोड मेणानं ताजे भरलेले दिसत होते. एक पोर रडायला लागलं तर आईनं त्याचं तोंड दाबलं.

त्यानं फुंकायला सुरुवात केली. पहिल्यांदा नुसतीच घरघर, त्याच्या छातीची की तारप्याची ते कळेना. मग सूर लागला. तुला आठवत असेल, नाच सुरू झाला की पोरी धावत जायच्या, जागेवरून भांडायच्या. इथं कोणी हललं नाही. तो वाजवत गोल फिरला, एकदा, दोनदा, आणि त्या रिकाम्या खळ्यात त्याला एकट्याला फिरताना बघून मला वाटलं, आता हा म्हातारा पडेल आणि आपण सगळे घरी जाऊ. देवाशपथ, पडावा असंच वाटलं.

मग माघी वहिनी पुढं गेली. खळ्यात जाऊन उभी राहिली आणि उजवा हात बाजूला धरला. नुसता धरला, कुणाच्या तरी कमरेसाठी. तो हात तसाच राहिला. मला बघवेना. आणि खालच्या पाड्यातून चैती आली. सोम्याची बायको चैती, दादा. ती सावकाश चालत आली, वहिनीकडं बघितलंही नाही, तिच्या शेजारी उभी राहिली आणि वहिनीचा हात आपल्या कमरेवर येऊ दिला. मग आपलाही तिच्या कमरेला घातला. दोघींनी पाय उचलले.

बायका जमल्या. हौशी गेली, रामी गेली, त्यांच्याकडच्या दोघी-तिघी आल्या. बाप्ये उभेच. तेव्हा चैतीनं मान न वळवता हाक मारली, “बाबल्या, अठं ये.” आणि वहिनी म्हणाली, “फागू.”

बाबल्या, सोम्याचा धाकटा भाऊ. तू गेलास तेव्हा त्याला मिसरूड फुटत होतं, आता तो खांद्यानं सोम्याएवढा झाला आहे. भर उन्हात त्यानं घोंगडी पांघरलेली होती. ती बघूनच मला कळायला हवं होतं. आम्ही दोघं शेजारी उभे राहिलो. मी त्याच्या कमरेला हात घातला आणि माझ्या बोटांना घोंगडीखाली लाकडाची आकडी लागली. आकडीत कोयता. त्याच क्षणी त्याचा हात माझ्या सदऱ्यावरून सरकला आणि थांबला.

त्यानं माझ्याकडं बघितलं नाही, मीही नाही. तोंडं तारप्याकडं होती. पाय चालू झाले. त्याची मूठ माझ्या कोयत्यावर, माझी त्याच्या. तो मुठीत बळ आणायचा तेव्हा मीही आणायचो. साखळीतून सुटावं तर पहिला हात कोणी काढायचा? काढला तो मेला. घामानं माझ्या डोळ्यांपुढं अंधारी येत होती आणि पाय आपले चालले होते, एक पुढं, दोन मागं, पुन्हा पुढं. मागं आपली आणि त्यांची माणसं उभी होती. माझ्या मानेवर माशी बसली तरी मी दचकत होतो.

ढवळूबाबानं चाल बदलली. सोम्याची चाल लावली. ती बाभळीतून वारा गेल्यासारखी हळू सुरू होणारी. खालच्या पाड्यातल्या बायकांना नाचता नाचताच रडू फुटलं. रडत होत्या पण पाय चुकवले नाहीत. बाबल्याची कमर माझ्या हाताखाली थरथरत होती. ती चाल त्यानं बराच वेळ वाजवली, आणि मग, दादा, त्यानं तुझी लावली.

तुझी, ती मधेच दोनदा अडखळल्यासारखी करून उडी मारणारी. दुसऱ्या कुणालाही ती तशी येत नाही. पहिल्या चार सुरांतच सगळ्यांनी ओळखली. साखळी एकदम ताठ झाली. बाबल्यानं माझा कोयता आकडीतून वर उचलला. बोटभर उचलला असेल, मला लाकडावर लोखंड घासलेलं ऐकू आलं. मीही त्याचा उचलला. मी मेलो असं मला वाटलं, आणि त्याहून वाईट म्हणजे मी मारणार असं वाटलं. ढवळूबाबा आमच्या समोरच आला होता. त्याचे डोळे आमच्या दोघांवर होते आणि गाल फुगलेले, आणि तो तुझीच चाल वाजवत होता, मुलाची जितका वेळ वाजवली तितकाच वेळ.

त्यातच त्याचा दम गेला. तारपा तोंडातून सुटला आणि तो गुडघ्यावर बसून खोकायला लागला. सूर थांबला. पुढं धरायला दुसरा कोणी नव्हता. ते सुनसान झालेलं खळं मी जन्मात विसरणार नाही. सगळ्यांचे पाय थांबायला आले. तारपा थांबला की माणूस माणसाकडं बघतो, आणि बाबल्यानं माझ्याकडं बघितलं.

“पाय नको थांबवूस,” चैती म्हणाली. तिनं ते बाबल्याला म्हटलं की आम्हा दोघांना, मला माहीत नाही. “बाबा दम घेतोय. पाय चालू ठेव.”

ती पाय आपटायला लागली. वहिनीही. मग सगळ्या बायका, नुसत्या पावलांचा ठेका, सुरावाचून. आम्हीही त्यात ओढले गेलो, साखळीत असल्यावर थांबता येत नाही. तिघा-चौघा बाप्यांनीही उभ्या जागी पाय आपटायला सुरुवात केली, आपल्यातले आणि त्यांच्यातले. किती फेऱ्या झाल्या ते मोजलं नाही. मग खाली बसल्या बसल्याच म्हाताऱ्यानं पुन्हा तारपा तोंडाला लावला.

ऊन कलंडेपर्यंत चाललं. शेवटी शेवटी माझी मूठ आखडून गेली होती, कोयता धरलेला आहे हेही कळत नव्हतं. त्यानं सूर सोडला आणि साखळी सुटली तेव्हा बाबल्याच्या हातात माझा कोयता होता आणि माझ्या हातात त्याचा. दोघंही तसेच बघत राहिलो. मग तो वळला आणि माझा कोयता घेऊन चालता झाला. मी त्याचा घेऊन आलो. काय करणार होतो?

सगळं गोड झालं असं समजू नकोस. त्यांच्यातले पाच-सहा बाप्ये साखळीत आलेच नाहीत आणि जाताना थुंकून गेले. आपल्याकडचेही दोघं खळ्याच्या कडेलाच बसून राहिले. पण काल ओढ्याकाठचं भात कापायला सुरुवात झाली. दोन्ही काठांवर. आणि वहिनीनं सांगून धाडलं आहे की परवा रात्री तिनं पदर बांधला नाही.

बाबल्याचा कोयता माझ्या उशाखाली आहे. झोप मात्र येत नाही.


जव्हार, कार्तिक शुद्ध दशमी

शरीफभाई, ही चिठ्ठी मोठ्यानं वाचायच्या आधी ती आणणाऱ्याला ओट्यावर बसवा आणि दादाला आत थांबवून ठेवा. मग वाचा.

दादा,

काल सकाळी बाबल्या दुकानात आला. मी या वेळी लपलो नाही, कारण लपायला वेळच मिळाला नाही. तो म्हणाला, “माझा कोयता दे. नागली कापायचीय, तुझ्या कोयत्यानं हात दुखतो.” माझा कोयता त्यानं समोर ठेवला. त्याला नवी धार लावलेली होती. मी त्याचा आणून दिला. तो रातभर चालला असावा, ओठ सुकलेले होते. वैऱ्याच्या हातचं पाणी आपल्यात कोणी घेत नाही, तरी मी लोटा पुढं केला. त्यानं बराच वेळ लोट्याकडं बघितलं आणि मग उंच धरून सगळं पाणी प्यायला.

तरी तो जाईना. शेवटी म्हणाला, “बाबा झोपून हाय. बोलताना धाप लागते.”

मग एकेक करून सांगितलं. वावर गावाच्या बाजूला एका पाड्यात दोन भावकींत घर जाळलं गेलं, त्यात एक म्हातारी गेली. आपल्या खळ्यावरचा दिवसाचा तारपा त्यांच्या कानावर गेला. त्यांची माणसं ढवळूबाबाकडं आली, आमच्याकडं वाजव म्हणून. दुसरंही एक बोलावणं आलं आहे. बाबा जायला तयार आहे, डोलीत घालून न्या म्हणतो. पण त्याचा दम एका चालीपुरताही राहिलेला नाही, आणि मधे सूर तुटला तर काय होतं ते आम्ही दोघांनी बघितलं आहे. त्याचा दम ओळखून सूर उचलणारे दोनच होते. त्यातला एकच शिल्लक आहे.

“बाबा म्हणतो, सुकऱ्याला आण,” बाबल्या म्हणाला. “फौजदाराम्होरं मी बोलीन म्हणतो. त्यो कठं हाय ते फागूला ठाऊक हाय, त्याला इचार.”

मी विचारलं, “आणि तुझं काय म्हणणं आहे?”

तो कोयत्याची मूठ चोळत बसला. “बाबाचं म्हणणं बाबाचं. मी आणायला जातो. माझं काय ते वाटेत ठरवीन.”

शरीफभाई, हे वाक्य त्यानं जसं म्हटलं तसंच लिहिलं आहे. दादाला दोनदा वाचून दाखवा.

मंसूरशेटांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, फागू, पागल होऊ नको, माहीत नाही म्हण. मला तोंडातून ते खोटं काढायचं होतं, दादा. सहा महिने मी तेच एक काम नीट केलं आहे. रात्रभर त्याला दुकानाच्या पडवीत झोपवलं आणि मी आत जागा राहिलो. तो घोरत होता. माझ्या दारात, माझ्या एवढ्या जवळ, सोम्याचा भाऊ गाढ झोपला होता, आणि त्याला माझी भीती वाटत नव्हती. मला मात्र त्याची वाटत होती. अजून वाटते.

सकाळी मी त्याला वखार सांगितली. भिवंडीत शिरल्यावर कुठं वळायचं, कुणाला विचारायचं, सगळं. तू मला शिव्या देशील, दे. वहिनीला मी अजून कळवलेलं नाही. तुला काही झालं तर मी तिला तोंड दाखवू शकणार नाही, आणि तू आला नाहीस तर वावरच्या त्या खळ्यावर सूर तुटेल. यातलं जास्त वाईट काय ते मला ठरवता येत नाही. म्हणून ते मी तुम्हा दोघांवर टाकलं.

बाबल्याला वाचता येत नाही. या चिठ्ठीत काय आहे हे त्यानं विचारलंही नाही. आता तो तुमच्या ओट्यावर बसलेला असेल. कमरेला त्याचा स्वतःचा कोयता आहे, तो मी काढून घेतला नाही.

शरीफभाई, त्याला पाणी तुम्ही देऊ नका, घरातल्या कुणालाही देऊ देऊ नका. दादा, लोटा तू घे आणि बाहेर जा. त्याच्यासमोर उभा राहून तू स्वतः दे. तो प्यायला तर मागं न बघता त्याच्याबरोबर नीघ. नाही प्यायला, तरी लोटा धरून उभा राहा, दादा. आत पळू नकोस.